लंडनमधील तुरुंगांचे प्रशासन व सेवकवर्ग (एकोणिसावे शतक)

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडन शहरातील तुरुंगांवर कोणत्याही एका सत्तेचे नियंत्रण नव्हते. न्यूगेट हा जुना तुरुंग लंडन नगरपालिकेच्या, म्हणजे लॉर्ड मेयर, आल्डरमन व शेरीफ यांच्या अखत्यारीत होता. कोल्डबाथ फील्ड्‌स येथील सुधारगृह मिडलसेक्स परगण्याच्या न्यायाधीशांकडे होते. फ्लीट व मार्शलसी हे प्रामुख्याने ऋणकोंसाठी असलेले तुरुंग न्यायालयांशी संलग्न होते, तर १८१६ मध्ये सुरू झालेला मिलबँक तुरुंग मध्यवर्ती शासनाने बांधला. परिणामतः कैद्यांचे अन्न, त्यांना द्यावयाचे काम आणि सेवकांची संख्या या बाबी तुरुंगागणिक भिन्न असत.

या काळापर्यंत तुरुंगाधिकाऱ्याचे पद ही सेवा नसून एक प्रकारचा मक्ताच होता. त्याचे उत्पन्न मुख्यतः कैद्यांकडून मिळणाऱ्या दस्तुरीवर अवलंबून असे. प्रवेशासाठी, बिछान्यासाठी, बेड्या हलक्या करण्यासाठी आणि शेवटी सुटकेसाठीही कैद्याला पैसे मोजावे लागत. तुरुंगाच्या आवारातील मद्यविक्रीतूनही अधिकाऱ्यास नफा होई. जॉन हॉवर्ड (१७२६–९०) हा १७७३ मध्ये बेडफर्डशरचा शेरीफ झाला, तेव्हा न्यायालयाने निर्दोष ठरविलेली माणसेही केवळ दस्तुरी न भरल्यामुळे तुरुंगात खितपत पडल्याचे त्याला आढळले. तुरुंगाधिकाऱ्यास वेतन द्यावे, अशी सूचना त्याने केली. परंतु तसा पूर्वाधार नाही, असे सांगून स्थानिक न्यायाधीशांनी ती मान्य केली नाही. त्यानंतर इंग्लंडमधील तुरुंगांची पाहणी करून त्याने १७७७ मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. सामान्य तुरुंगांतील दस्तुरी कायद्याने बंद होण्यास मात्र १८१५ हे वर्ष उजाडावे लागले.

वेतनाची पद्धत आल्यानंतर तुरुंगसेवकांची कर्तव्ये निश्चित करणे शक्य झाले. न्यूगेटमधील स्त्रीकैद्यांची दुरवस्था एलिझाबेथ फ्राय (१७८०–१८४५) यांनी १८१३ मध्ये पाहिली. १८१७ मध्ये त्यांनी स्त्रियांची एक समिती स्थापून तेथे शाळा व शिवणकाम सुरू केले आणि देखरेखीसाठी स्त्रीसेविका नेमविली. गृहमंत्री रॉबर्ट पील यांच्या पुढाकाराने संमत झालेल्या १८२३ च्या तुरुंग अधिनियमात या अनुभवाचे प्रतिबिंब दिसते. स्त्रीकैद्यांवर स्त्रीसेविकाच असाव्यात, तुरुंगाधिकाऱ्याने दररोज प्रत्येक कैद्यास पाहावे, धर्मोपदेशक व वैद्य यांनी नियमित भेटी देऊन दैनंदिनी लिहावी आणि कोणत्याही सेवकाने कैद्यांना वस्तू विकून लाभ घेऊ नये, असे नियम त्यात होते. तथापि ऋणकोंचे तुरुंग व अनेक लहान नगरांतील तुरुंग या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहिले. शिवाय नियमांचे पालन होते की नाही, हे पाहणारी शासकीय यंत्रणाही नव्हती.

ही उणीव १८३५ च्या अधिनियमाने दूर झाली. या अधिनियमानुसार तपासनिसांची नेमणूक झाली. विल्यम क्रॉफर्ड व व्हिटवर्थ रसेल या तपासनिसांनी १८३६ मध्ये न्यूगेटच्या कारभारावर कडक टीका केली. तेथील कोठड्यांची व्यवस्था निवडक कैद्यांवरच सोपविलेली होती. हे कैदी इतरांवर अधिकार गाजवीत व त्यांच्याकडून पैसे उकळीत. दस्तुरी कायद्याने बंद झाली, तरी अपुऱ्या सेवकवर्गामुळे ती अन्य रूपाने टिकून होती, असा याचा अर्थ होता.

कोल्डबाथ फील्ड्‌सचा अनुभवही असाच होता. जॉर्ज लाव्हल चेस्टरटन हा माजी लष्करी अधिकारी १८२९ मध्ये तेथे प्रमुख म्हणून आला, तेव्हा किल्लीदार (कुलपे सांभाळणारे सेवक) व कैदी यांच्यात चोरट्या मालाचा व्यापार चालत असल्याचे त्यास दिसून आले. त्याने भ्रष्ट सेवकांना काढून टाकले आणि १८३४ च्या अखेरीस कैद्यांवर पूर्ण मौन लादणारी पद्धती सुरू केली. शेकडो कैद्यांचे मौन राखण्यास भरपूर माणसे लागतात. ती नसल्याने प्रारंभी या कामासाठी कैद्यांचाच उपयोग करण्यात आला. कैद्याने कैद्यावर पहारा करू नये, हे तत्त्व इंग्रजी तुरुंग कायद्यात पुढे दृढ झाले.

१८४२ मध्ये उघडलेल्या पेंटनव्हिल तुरुंगात या प्रश्नाचे उत्तर वास्तुरचनेतून शोधण्यात आले. जोशुआ जेब या लष्करी अभियंत्याने आखलेल्या या तुरुंगात ५२० स्वतंत्र कोठड्या होत्या. मध्यवर्ती दालनातून निघणाऱ्या लांब शाखांवर थोड्या रक्षकांनाही नजर ठेवता येई. एवढेच नव्हे, तर रात्रीची गस्त चुकविणारा रक्षक विशिष्ट घड्याळांमुळे उघडा पडे. अशा प्रकारे कैद्याबरोबर रक्षकही देखरेखीखाली आला.

१८६५ च्या अधिनियमाने साधे तुरुंग व सुधारगृहे यांतील भेद संपविला. तर १८७७ च्या अधिनियमाने सर्व स्थानिक तुरुंग १ एप्रिल १८७८ पासून मध्यवर्ती शासनाकडे आणले. एडमंड ड्यू केन हा नव्या तुरुंग आयोगाचा पहिला अध्यक्ष होय. सेवकांच्या नेमणुका, श्रेणी व वेतन यांत एकसूत्रता आली. स्थानिक न्यायाधीशांकडे केवळ भेट देणाऱ्या समित्यांचे काम उरले. अनेक जुने तुरुंग बंद झाले. कोल्डबाथ फील्ड्‌स १८८५ मध्ये बंद पडला. न्यूगेटचा नियमित वापर १८८२ मध्ये थांबला व १९०२ पासून ती वास्तू पाडण्यात आली. मात्र या एकसूत्रतेत कैद्याची व्यक्ती म्हणून दखल घेतली जात नाही, असा आक्षेप घेण्यात येऊ लागला. ग्लॅडस्टन समितीने १८९५ मध्ये या आक्षेपास दुजोरा दिला आणि १८९८ च्या अधिनियमाने काही सुधारणा घडवून आणल्या.

भारतातील तुरुंग कायद्यावर या घडामोडींचा प्रभाव पडला. १८९४ च्या तुरुंग अधिनियमात महानिरीक्षक, अधीक्षक, वैद्यकीय अधिकारी व जेलर ही पदे निश्चित करण्यात आली. कैद्यांना वस्तू विकण्यास व तुरुंगाच्या मक्त्यांत हितसंबंध ठेवण्यास सेवकांना मनाई झाली. परंतु इंग्लंडने त्याज्य ठरविलेली कैदी-रक्षकांची पद्धत येथे कायम राहिली. किंबहुना अशा कैद्यांस लोकसेवकाचा कायदेशीर दर्जा देण्यात आला. वि. दा. सावरकरांच्या माझी जन्मठेप या ग्रंथात अंदमानातील कैदी-अंमलदारांचे जे चित्रण आढळते, त्याची पार्श्वभूमी हीच आहे. कैद्यांकडून पहाऱ्याचे काम घेतल्याने वेतनाचा खर्च वाचे. त्या बचतीचा भार मात्र त्यांच्या सत्तेखाली राहणाऱ्या इतर कैद्यांवर पडे. तुरुंगातील वागणूक कशी असेल, हे केवळ नियमांच्या शब्दांवर ठरत नाही. रक्षकाची नेमणूक कोण करतो, त्यास वेतन कोठून मिळते व तो कोणास उत्तरदायी असतो, यांवरही ते अवलंबून असते, हे लंडनच्या या शतकभराच्या इतिहासावरून स्पष्ट होते.