शाळाच निघाली अंगणात

परवा वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी गावी गेलो होतो. शेजारची चार वर्षांची पोर हातात वाटी घेऊन धावत निघाली होती. “कुठे गं चाललीस?” म्हणून विचारले, तर “अंगणवाडीत, आजोबा!” एवढेच ओरडून ती पसार झाली. हा शब्द आता इतका घरचा झाला आहे, की त्यामागे कुणाचे कष्ट असतील हे आपल्या मनातही येत नाही.

ती हकिगत ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डीची आहे. ताराबाई मोडक तेथे 1945 साली आल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते. पण ते शिक्षण बहुधा शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांपुरतेच राही. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाचे काय, हा प्रश्न घेऊन त्या बोर्डीला आल्या. तेथे त्यांना अनुताई वाघांची साथ मिळाली. तेराव्या वर्षी वैधव्य आलेली ही बाई स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झाली होती.

बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. येणार तरी कशी? आईबाप पहाटेच कामावर जात आणि पाचसहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटे भावंड असे. तेव्हा शाळाच वस्तीत गेली, त्यांच्या अंगणात भरू लागली. आधी मुलांना न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. आरोग्य आणि शिक्षण अशी दोन खाती तेथे नव्हतीच. महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, पाने, शिंपले पुढे आले.

1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांची मुले गुरे राखायला रानात जात. मग बाई त्यांच्यामागे कुरणात गेल्या आणि ‘कुरणशाळा’ सुरू झाली. भावंड सांभाळणारीसाठी शाळेशेजारीच पाळणाघर आले.

दिवाळीला आपणही फराळाचा डबा, जुने कपडे गरिबाघरी पाठवतो. त्यात वाईट काही नाही. पण घेणाऱ्याचा दिवस कसा जातो, त्याच्या पोरीच्या कडेवर कोण असते, हे आपण क्वचितच विचारतो. मीही कधी विचारले नव्हते. या दोघींनी ते आधी विचारले आणि शाळेची वेळ, जागा, रीत सारे त्यावरून ठरवले.

ताराबाई 1973 साली गेल्या. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातल्या 33 ठिकाणी सुरू केली. पूरक आहार, लसीकरण आणि शाळेआधीचे शिक्षण देणाऱ्या तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. अनुताईंना ते पाहायला मिळाले. त्या 1992 साली निवर्तल्या.

दुपारी ती पोर परत आली. वाटी रिकामी होती आणि तोंडात नवे गाणे होते. मी तिला ओट्यावर बसवले आणि म्हटले, “म्हणून दाखव बघू!”