नावातला श्रमिक

व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १९६१ साली अहमदाबाद व कलकत्ता येथे निघालेल्या संस्था उभ्या राहतात. परंतु त्यांच्या बारा वर्षे आधी, १९४९ साली, जमशेदपूरच्या पोलादनगरीत येशूसंघीय फादर क्विन एनराइट यांनी ‘झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट’ स्थापन केली होती. नावातच श्रमसंबंध, नफ्याचा उल्लेखही नाही! मालक आणि कामगार यांच्यातील नाते हाच तेथला मूळ अभ्यासविषय. ‘पुरवठा साखळी व्यवस्थापन’ हा शब्दप्रयोग तर कीथ ऑलिव्हर या सल्लागाराने १९८२ साली प्रचारात आणला. आज तेथे खाणीपासून गिऱ्हाइकापर्यंतचा मालाचा प्रवासही शिकविला जातो. तो माल पाठीवर वाहणाऱ्या हमालाची नोंद त्या आकडेमोडीत कोठे होते, असे आम्ही हा विषय शिकणाऱ्या आमच्या तरुणांना विचारीत असतो.