मोडींत निघालेली यहुदी चांदी : पारख व पुनर्विक्री

जुना रुप्याचा डाग सराफाच्या कांट्यावर पडला म्हणजे त्याचें वजन तेवढें उरतें, नांव उरत नाहीं. घट वजा करून मोडीच्या भावानें पैसे मिळतात, डाग मुशींत जातो आणि त्याची लगड होते. कागद रद्दींत जाऊं नयेत म्हणून वि. का. राजवाडे गांवोगांव हिंडले व १८९८ पासून त्यांनीं मिळविलेल्या साधनांचे खंड प्रसिद्ध होऊं लागले. धातूच्या रद्दीची तशी काळजी आपल्याकडे क्वचितच घेतली गेली. ज्या समाजाचीं दप्तरें थोडीं, त्याच्या बाबतींत ही उणीव विशेष जाणवते. महाराष्ट्रांतील बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी, हा असाच समाज होय.

मोडीच्या बाजारांत आलेली चांदीची वस्तु यहुद्यांची आहे हें कशावरून ठरवावें, कशावरून ठरवूं नये, आणि ती पुन्हा विकतांना तिचा पुरावा कसा राखावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठीं परभणी जिल्ह्याची पेठ घेतली आहे. बेने इस्रायलांचीं मूळ गांवें कोंकणांत, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत. आगगाडी, टपाल व लष्कर यांतील नोकऱ्यांमुळें हा समाज दूरवर पसरला, आणि निजामी मुलखांतून मनमाडास जाणारा लोहमार्ग १९०० पासून परभणीवरून जातो. म्हणून अशी वस्तु येथें येणें अशक्य नाहीं. परंतु आली तर तिला स्थानिक आठवणीचा आधार मिळणार नाहीं. तिनें आपली साक्ष आपणच दिली पाहिजे.

१. ‘यहुदी चांदी’ या शब्दाचे तीन अर्थ

बाजारांत ‘यहुदी डाग’ असें म्हटलें जातें तेव्हां तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. पहिली, यहुदी कारागिराच्या हातची वस्तु. दुसरी, यहुदी घरांत वापरलेली वस्तु. आणि तिसरी, यहुदी उपासनेसाठींच घडविलेली वस्तु. येमेनमध्यें रुप्याचें नाजूक जाळीकाम मुख्यतः यहुदी सोनार करीत, पण त्यांचे दागिने मुसलमान स्त्रियाही घालीत. एडन १८३९ पासून जवळजवळ शतकभर मुंबई इलाख्याशीं जोडलेलें असल्यानें तें काम मुंबईस येण्याची वाट मोकळी होती. असा डाग घडणीनें यहुदी, परंतु वापरानें बहुधा नव्हे.

बेने इस्रायलांची गोष्ट नेमकी उलट आहे. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ते कोंकणांत ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. सोनारकी हा त्यांचा परंपरागत धंदा नव्हता. त्यांची भाषा मराठी, त्यांच्या बायकांचा पोषाख मराठी, आणि लग्नांत मंगळसूत्रही असे. अशा घरांतले वाळे, तोडे किंवा साखळ्या शेजारच्या हिंदु घरांतल्या डागांहून घाटानें निराळे असतील अशी अपेक्षाच करूं नये. नुसत्या घाटावरून ‘हा बेने इस्रायलांचा दागिना’ असें सांगणारा विक्रेता पारख करीत नसून भाव वाढवीत आहे, असें समजावें.

तिसरा वर्ग मात्र घाटानेंच ओळखतो. शब्बाथाचा किद्दूश म्हणण्याचा पेला, शब्बाथ संपतांना हुंगण्याच्या सुगंधी द्रव्यांची डबी, तोरेच्या गुंडाळीवरील ‘रिम्मोनीम’ म्हणजे डाळिंबाच्या नांवाचे कळस, आणि ओळीवर ठेवण्याची, टोंकाशीं बोट दाखविणारा हात असलेली ‘याद’ नांवाची कांडी, हीं या वर्गांत येतात. पेला मात्र रिकाम्या हातानें आला तर तो केवळ पेलाच. त्यास लेखाची जोड लागते.

२. कस काय सांगतो

‘स्टर्लिंग’ म्हणजे हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी. विलायती डागावर चालता सिंह हा त्या कसाचा छाप असतो. त्याजवळ शहराचा छाप (लंडनचें चित्त्याचें मस्तक, बर्मिंगहॅमचा नांगर), सालाचें अक्षर व कारागिराचीं आद्याक्षरें असतात. १७८४ ते १८९० या काळांतील डागावर कर भरल्याची खूण म्हणून राजाचें वा राणीचें मस्तकही बहुधा आढळतें. रशियन डागावरील ८४ हा आंकडा ९६ पैकीं आहे, म्हणजे हजारीं ८७५. जर्मन साम्राज्याची चंद्रकोर व मुकुट ही जोडी १८८८ नंतरची. १९३० नंतरच्या दशकांत मध्य युरोपांतून यहुदी निर्वासित मुंबईस आले, म्हणून हे परके छापही ध्यानांत ठेवावेत. ‘ई. पी. एन. एस.’ हीं अक्षरें असलीं तर वरचा मुलामा तेवढा चांदीचा. आणि ‘जर्मन सिल्व्हर’ या नांवाच्या धातूंत चांदी मुळींच नसते.

देशी डागावर छाप बहुधा नसतो. तेथें चाशणीच घ्यावी लागते. पुष्कळदां सोनार गिऱ्हाइकानें आणून दिलेले रुपयेच आटवीत. १८३५ च्या कायद्यानें ठरलेला कलदार रुपया १८० ग्रेन वजनाचा व त्यांत १६५ ग्रेन शुद्ध चांदी, म्हणजे कस हजारीं सुमारें ९१७. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होती व तेथें हाली शिक्का चाले. मीर महबूब अली खान यांच्या कारकीर्दींतील चारमिनार छापाचा हाली रुपया १७२॥ ग्रेनांचा, त्याचा कस ८१८. म्हणजे शुद्ध चांदी सुमारें १४१ ग्रेन. सात हालींची शुद्ध चांदी सुमारें ९८८ ग्रेन भरते व सहा कलदारांची ९९०. सात हालींस सहा कलदार हा जो दर पुढें रूढ झाला, त्याचें मूळ या हिशेबांत आहे. येमेनी सोनार ज्या मारिया थेरेसा थालराची चांदी आटवीत, त्याचा कस ८३३.

यावरून एक व्यवहारी अनुमान निघतें. छाप नसलेल्या जुन्या देशी डागाचा कस ९२५ नेमका भरण्याचें कारण नाहीं; कलदाराचा असेल तर तो ९१७ च्या आसपास, हालीचा असेल तर ८१८ च्या आसपास, आणि हीण मिसळलें असेल तर त्याहून खालीं येईल. तेव्हां जुन्या घाटाच्या वस्तूवर ९२५ हा आंकडा ठळक उमटला असेल तर ती अलीकडची असण्याचा संभव मोठा. त्याशेजारीं ‘इस्रायल’ हें देशनाम असल्यास ती १९४८ नंतरची, हें निश्चित. उलटपक्षीं ८१८ आणि ८३३ हे कस इतके जवळ आहेत कीं, तेवढ्यावरून हैदराबादी व येमेनी चांदीची निवड करूं नये. कस धातूचें मूळ सुचवितो. मालकाचा धर्म सांगत नाहीं.

३. फसविणारीं चिन्हें

षट्कोणी तारा दिसला कीं वस्तु यहुदी, ही समजूत सर्वांत घातक आहे. दोन त्रिकोणांची ही आकृति आपल्याकडील यंत्रांत आहे, दिल्लीच्या हुमायूनाच्या कबरीवर आहे, आणि एकोणिसाव्या शतकांतील मोरोक्कोच्या तांब्याच्या नाण्यांवरही आहे. मुसलमान तीस सुलेमानाची मुद्रा म्हणतात. यहुद्यांची सर्वमान्य खूण म्हणून तिचा प्रसार मुख्यतः एकोणिसाव्या शतकांतला. तेव्हां जुन्या ताइतावर षट्कोण असणें हा यहुदीपणाचा पुरावा होत नाहीं.

दुसरें चिन्ह उघड्या पंजाचें. पश्चिमेकडील बाजारांत रुप्याचा पंजा यहुदी ‘हम्सा’ म्हणून विकला जातो. परभणी भागांत मोहरमाच्या सवाऱ्यांत पंजे निघतात, हें तेथील हिंदु-मुसलमान सर्वांस ठाऊक आहे. येथल्या मोडींत आलेला पंजा प्रथम सवारीचा मानावा. हिब्रू लेख असल्यावांचून त्याचें नांव बदलूं नये. नळीच्या आकाराच्या ताइताचीही तीच गोष्ट, कारण तो हिंदु, मुसलमान व यहुदी तिघांच्याही अंगावर सारखाच शोभला आहे.

४. लेख व त्याचें वाचन

खरा निर्णय लेखानेंच होतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात आणि अक्षरेंच आंकड्यांचें काम करितात. हजाराचा आंकडा बहुधा सोडून देतात. उरलेल्या संख्येंत १२४० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. उदाहरणार्थ ताव (४००), रेश (२००), काफ (२०), झायिन (७) मिळून ६२७. त्यांत १२४० मिळवून १८६७. यहुदी वर्ष आश्विनाच्या सुमारास पालटत असल्यानें आरंभींचे महिने १८६६ मध्यें पडतात. शकांत ७८ व हैदराबादी फसलींत ५९० मिळविण्याची संवय असलेल्या अभ्यासकास हें गणित अवघड नाहीं. दालेथ आणि रेश, हे आणि हेथ, वाव आणि झायिन या जोड्या मात्र एकमेकांसारख्या दिसतात. दालेथचा रेश वाचला तर चारांचे दोनशें होतात. ताइतावर शीन, दालेथ, योद हीं तीन अक्षरें एकत्र आढळल्यास तें ‘शद्दाय’ हें ईश्वरनाम होय.

लेखांत चूक असणें हा बनावटीचा पुरावा होत नाहीं. हिब्रू न जाणणाऱ्या देशी सोनारानें कागदावरील अक्षरें उतरून घेतलीं तर एखादें उलटें वा अपुरें पडणें साहजिक आहे. संशय घ्यावा तो वेगळ्या ठिकाणीं : डाग झिजलेला आणि अक्षरांच्या कडा मात्र तीक्ष्ण असतील, तर लेख मागाहून कोरलेला समजावा.

परंतु मराठी यहुद्यांचा लेख हिब्रूच असेल असेंही नाहीं. १८७४ सालीं पुण्यास हिब्रू-मराठी हग्गादा छापला गेला. त्यांच्या थडग्यांवर हिब्रूबरोबर देवनागरी आढळतें. मग पेल्यावर केवळ देवनागरी नांव असलें तर तें कसें ओळखावें? मुंबईस मांडवींत १७९६ सालीं बेने इस्रायलांचें पहिलें सिनेगॉग, ‘शाअर हारहमीम’ म्हणजे दयेचें द्वार, ज्यानें बांधविलें तो सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी दिवेकर या नांवानें प्रसिद्ध होता. हें नांव वाचून कोणीही त्यास सरळ मराठा शिलेदार मानील. केहीमकर, पेणकर, राजपूरकर हीं आडनांवेंही कोंकणांतील गांवांवरून पडलेलीं आहेत. शिवाय बेने इस्रायल आपल्या सिनेगॉगास मराठींत ‘मशीद’ म्हणत. मांडवीचें तें मंदिर ‘जुनी मशीद’ होय. तेव्हां ‘मशिदीस अर्पण’ असे शब्द असलेली वस्तु मुसलमानांचीच, हा निर्णय घाईचा ठरेल. अर्पण करणाऱ्याचें नांव, वडिलांचें नांव, गांव व साल हीं चारी एकत्र वाचावींत.

म्हणजे दोन्ही बाजूंनीं चूक संभवते. ताऱ्याची व पंजाची चांदी यहुदी नसतांना यहुदी ठरून महाग विकली जाते, आणि सामाजी हसाजीचा पेला यहुदी असून निनांवी म्हणून मुशींत जातो. पहिल्या चुकींत गिऱ्हाइकाचे पैसे जातात. दुसरींत विकणाऱ्याचे पैसे व समाजाचा पुरावा, दोन्ही जातात.

५. पुनर्विक्रीचा मार्ग

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायल देशांत गेले. आज भारतांत कांहीं हजारच उरले आहेत. ज्यांचें घर हललें त्यांच्या भांड्याकुंड्यांचे मालक पालटणें अपरिहार्य होतें, त्यांत कोणाचाच दोष नाहीं. विक्रीनें इतिहास बुडत नाहीं. नोंदीवांचून झालेल्या विक्रीनें बुडतो.

म्हणून सराफानें व अभ्यासकानें मिळून पुढील क्रम ठेवावा. वस्तु घासूं वा उजळूं नये. झिजेनें व काळपटपणानें तिचें वय कळतें. वजन ग्रॅमांत, मापें, छाप व डाखाच्या जागा लिहून घ्याव्यात. लेखाचें छायाचित्र व कागदी ठसा घ्यावा. विकणाऱ्याकडे ती कोठून, कोणाकडून व केव्हां आली हें त्याच्याच शब्दांत टिपावें, आणि तो टिपणाचा कागद वस्तूबरोबरच पुढच्या मालकास द्यावा. वाचन होईपर्यंत चाशणीसाठीं लेखाच्या बाजूचा तुकडा कापूं नये. किंमत सांगतांना धातूची व वस्तूची अशी निरनिराळी सांगावी. विकणारी बाई गरजू असेल तर तिला हा भेद कळणें हाच तिचा लाभ होय.

दोन मर्यादा पाळल्याच पाहिजेत. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु पुरावस्तु ठरूं शकते. तिचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं व ती खासगी रीतीनें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. दुसरी, सिनेगॉगास अर्पण केल्याचा लेख ज्या वस्तूवर आहे ती मुळांत समुदायाची. ती एकट्या मनुष्यानें कोणत्या अधिकारानें विकावयास आणली हें विचारावें, आणि लेखांतील सिनेगॉग चालू असल्यास तेथील विश्वस्तांस आधीं कळवावें.

भारतीय मानक संस्थेचें चांदीवरील मुद्रांकन २००५ पासून सुरू आहे. त्यामुळें आजच्या डागाचा कस ठरविणें सोपें झालें. जुन्या डागाची ओळख ठरविणारें यंत्र मात्र नाहीं. तें काम लेख वाचणाऱ्या डोळ्यांचें, आणि तें मूस तापण्यापूर्वींच व्हावयास हवें.