मोबाईलवर जेवणाचा फोटो : उजेड आणि सचोटी

राजुऱ्यात जेवणाच्या ऑर्डर आता व्हॉट्सॲपवर घेतल्या जातात. घरून बिर्याणी, समोसे, शीरखुर्मा करून देणाऱ्या आपल्या बहिणी मेहनतीनं घर चालवतात. हाताला चव आहे, पण फोटो एकतर पिवळट, नाहीतर इंटरनेटवरून उचललेला. मागच्या रमजानमध्ये आमच्या ओळखीतल्या एका बाजींनी असाच दुसऱ्याचा फोटो टाकला. डबा उघडून गिऱ्हाईक म्हणालं, "फोटोतली बिर्याणी कुठंय?" बाजींना उत्तर सुचलं नाही. म्हणून ही माहिती देत आहोत.

फोटो कसा काढावा

सगळ्यात आधी मोबाईलची काच पुसावी. फ्लॅश आणि घरातला बल्ब बंद करून ताट खिडकीजवळ ठेवावं. उजेड एका बाजूनं यावा, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा करावा, म्हणजे सावली हलकी होते. आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन फार कडक, तेव्हा खिडकीला पांढरी ओढणी लावावी. भिंत हिरवी असेल तर तिची झाक भातावर येते, म्हणून ताट भिंतीपासून दूर ठेवावं.

पूर्ण दस्तरखान वरून सरळ टिपावा. वाटीतला सालन तिरक्या कोनातून, आणि ग्लासातला फालुदा समोरून. भात फार पांढरा दिसत असेल तर स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा. तपकिरी सालनावर कोथिंबीर, बाजूला लिंबू-कांदा ठेवला की रंग उठतो. झूम करू नये, स्वतः जवळ जावं.

जाणकारांकडून काय घ्यावं

इंग्रज छायाचित्रकार रॉजर फेंटन यांनी 1860 मध्ये फळांचे फोटो काढले होते. तेव्हा वीज नव्हती, दिवसाचा उजेडच होता. 2022 मध्ये भारतीय छायाचित्रकार देबदत्त चक्रवर्ती यांना 'पिंक लेडी फूड फोटोग्राफर ऑफ द इयर' हा जागतिक पुरस्कार मिळाला. फोटो कुठला? श्रीनगरच्या खय्याम चौकातला, कबाब भाजणाऱ्या विक्रेत्याचा. महागडी भांडी नाहीत. शेगडी, धूर आणि उजेड. असे फोटो पाहताना स्वतःला विचारावं : उजेड कुठून येतोय? नजर आधी कुठं जाते? चौकटीत काय ठेवलं नाही?

सजावट आणि फसवणूक

कोथिंबीर पेरणं ही सजावट. पण अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाटीत काचेच्या गोट्या घातल्या गेल्या. तिथल्या सरकारी आयोगानं आक्षेप घेतला आणि 1970 मध्ये कंपनीला अशा जाहिराती न करण्याचं मान्य करावं लागलं. आपल्यासाठी साधा नियम : जे डब्यात जाणार, त्याचाच फोटो. कमाई हलाल हवी तर फोटोही खरा हवा.

आपला दस्तरखान

राजुरा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. बगारा खाना आणि दालचा आपल्या दावतीत दिसतात, ते याच नात्यानं. पण नानी-दादींच्या हातचा दालचा किती घरांत टिपून ठेवला आहे? त्या चुलीजवळ असतील तेव्हा मुलांनी भांड्याचा, मसाल्याचा, त्यांच्या हातांचा फोटो काढावा आणि प्रमाण विचारून खाली लिहावं. त्या "अंदाजानं" म्हणतील. तरी मुठी मोजाव्यात.