स्पर्धात्मक बूमरँगचा विकास : रचनाकार, नियम आणि श्रेयाचा प्रश्न

प्रस्तावना :
बूमरँग हे ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे शिकार, खेळ व विधी यांत वापरले जाणारे प्राचीन साधन होय. दक्षिण ऑस्ट्रेलियातील वायरी स्वॅम्प येथे सापडलेले नमुने सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परत येणाऱ्या बूमरँगपासून स्पर्धेचे क्रीडासाहित्य घडले. हा बदल कसा झाला व त्याचे श्रेय कोणास मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कारागीर ते अभियंता :
पारंपरिक कारागीर बाभळीच्या कुळातील मल्गासारख्या झाडाचा मुळातच वाकलेला भाग निवडत. योर्टा योर्टा समाजातील बिल ओनस (१९०६-१९६८) यांनी १९५२ मध्ये मेलबर्नजवळील बेलग्रेव्ह येथे आदिवासी कलावस्तूंचा व्यवसाय उभारला व बूमरँगफेकीची प्रात्यक्षिके करून ही विद्या लोकांसमोर ठेवली. आदिवासींच्या हक्कांसाठीही ते आयुष्यभर झटले. अमेरिकेतून येऊन क्वीन्सलँडमध्ये स्थायिक झालेल्या लॉरिन हॉज यांनी प्लायवूडचे बूमरँग तयार केले. प्लायवूडमुळे नैसर्गिक वाकाची गरज संपली आणि एकच आकार पुन:पुन्हा बनविणे शक्य झाले.

नेदरलँड्समधील फेलिक्स हेस यांनी १९७५ मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात बूमरँगच्या उड्डाणाचे गणित मांडले. फिरताना वरच्या बाजूस असलेले पाते हवेतून अधिक वेगाने जाते, त्यामुळे तेथे उचल अधिक मिळते. मात्र बूमरँग भोवऱ्यासारखे फिरत असल्याने ते कलंडत नाही, तर वळत जाते व परत येते.

नियमांतून घडलेले आकार :
बेंजामिन रूह यांनी १९७० च्या दशकात वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्थेमार्फत स्पर्धा भरविल्या. १९८१ मध्ये अमेरिकन संघाने ऑस्ट्रेलियात जाऊन यजमानांना हरविले. पुढे प्रत्येक प्रकाराच्या नियमाने स्वतंत्र आकार घडविला. किमान २० मीटर अंतराच्या पाच फेकी कमीत कमी वेळात झेलण्यासाठी लहान, तीन पात्यांचे बूमरँग आले. हवेत अधिक काळ तरंगण्यासाठी हलकी, पातळ व लांब पाती निघाली; १९८७ मध्ये डेनिस जॉइस यांची एक फेक २ मिनिटे ५९.९४ सेकंद हवेत राहिली. लांब पल्ल्यासाठी मात्र जड व पातळ साहित्य लागले. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडच्या मॅन्युएल शुट्झ यांनी २३८ मीटरचा विक्रम केला.

निष्कर्ष :
१) स्पर्धेच्या बूमरँगचा आकार रचनाकाराच्या कल्पनेइतकाच नियमांनीही ठरविला.
२) हेस यांनी सूत्रांत मांडलेले तत्त्व पारंपरिक कारागिरांच्या हातांना अनुभवाने अवगत होते. ‘का’ याचे उत्तर विज्ञानाने दिले. ‘कसे’ याचे उत्तर आधीच सिद्ध होते.
३) आधुनिक नमुने रचनाकाराच्या नावाने ओळखले जातात, तर जुन्या आदिवासी नमुन्यांवर बहुधा केवळ प्रदेशाचे नाव आढळते. नाव नोंदले न जाणे म्हणजे रचनाकार नसणे नव्हे. म्हणून स्पर्धात्मक बूमरँगचा इतिहास प्लायवूडपासून नव्हे, तर मल्गाच्या वाकातून आकार ओळखणाऱ्या त्या अनामिक कारागिरांपासून सुरू करणे उचित ठरते.