कड्याचा भरवसा

बादामीच्या तांबड्या कड्यांत एका शिळेवर शके ४६५ चा, म्हणजे इ. स. ५४३ चा संस्कृत लेख कोरलेला आहे. वातापीचा हा डोंगर आपण वरून आणि खालून अजिंक्य असा दुर्ग केला, असे चालुक्य राजा पहिला पुलकेशी त्यात सांगतो. कड्याकडे मान वर करून पाहिले की राजाचे म्हणणे पटते.

काळाला मात्र ते पटले नाही. शंभर वर्षे होतात न होतात तोच, इ. स. ६४२ च्या सुमारास पल्लव नरसिंहवर्म्याने वातापी जिंकली आणि ‘वातापिकोंड’ ही पदवी मिरवली. पुढे १७८६ च्या मे महिन्यात पेशवे व निजाम यांच्या फौजांनी टिपूच्या ताब्यातील बादामीला वेढा घातला. तोफांनी तटाला खिंडार पडेना, तेव्हा शिड्या लावून गावकूस चढले. वरच्या किल्ल्यांतील शिबंदीने दगडांचा व गोळ्यांचा मारा करून पाठलाग थोपवला. पण लगेच जिवाच्या अभयावर किल्ले स्वाधीन केले. कडा जागच्या जागी होता. खचली होती ती माणसे.

आज त्याच परिसरात तरुण मंडळी प्रस्तरारोहणासाठी येतात. सह्याद्रीचा काळा कातळ जागोजागी ठिसूळ, गवताळ. बादामीचा वालुकाश्म थराथरांचा. थरांमधल्या खोबणीत बोटे रुततात, कंगोऱ्यावर पाऊल ठरते. पुण्याच्या तुहिन सातारकरने येथील ‘गणेश’ ही अतिशय अवघड चढाई पूर्ण केली आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ जागतिक क्रीडांगणावरही पोहोचला.

या खेळात चढणाऱ्याकडे सर्वांचे डोळे असतात. खाली उभा असलेला सोबती कोणी पाहत नाही. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर याच्या हाती असतो. तो हवा तेवढा सोडायचा, पाय निसटला की जागीच आवळायचा. त्याचे लक्ष क्षणभर ढळले तर कातळातली पोलादी मेखही उपयोगाची नाही. दोर धरणारा घरी कानडी बोलतो की मराठी, हा प्रश्न त्या वेळी वर लटकलेल्याला सुचत नाही.

राजाने भरवसा कड्यावर ठेवला. ही मुले तो माणसावर ठेवायला शिकतात. आपल्या दुभाषी मुलखातल्या मुलांना सहलीत लेणी दाखवावीतच. पण जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, लेणी-शिलालेखांपासून दूरच्या कातळावर, एकदा एकमेकांचा दोरही धरू द्यावा. इतिहासाचा तो धडा पुस्तकात सापडायचा नाही.