न्हाणीची फरशी



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की आपण गडकोट, लढाया आणि राजेलोक यांची अपेक्षा धरून येता. मी मात्र आपल्याला घरातल्या सर्वांत लहान खोलीत नेणार आहे. नांदेड-लातुरात घर दुरुस्तीला काढले की पहिला वाद न्हाणीच्या फरशीवरून होतो. मुलाला काळी चकचकीत हवी असते, सुनेला आकाशी, सासऱ्यांना पांढरी. आणि सासूबाईंचे म्हणणे एवढेच असते की, काहीही लावा, पण पाय घसरू देऊ नका. हा वाद ऐकून आपण हसतो. परंतु हा वाद घालण्याची ऐपत आणि संधी आपल्या मुलखात कोणाला, केव्हा मिळाली, हे पाहू लागलो म्हणजे मराठवाड्याच्या चारशे-पाचशे वर्षांचा एक पट उलगडतो.

रंगीत फरशी ही काही आपल्याला अनोळखी वस्तू नव्हे. उदगीरहून बीदर फार दूर नाही. तेथे महमूद गावान या बहमनी वजिराने १४७२ साली मदरसा उभा केला. गावान मूळचा इराणातील गिलान प्रांताचा. आपल्या देशची झिलईदार चिनीमातीची कौले त्याने त्या इमारतीच्या दर्शनी भागावर जडवून घेतली. निळी, हिरवी, पिवळी, पांढरी अशी ती नक्षी आज बरीच झडून गेली आहे. १६९६ साली दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग उडाला. तरी जे उरले आहे ते पाहूनही डोळे निवतात. म्हणजे रंग आपल्या शेजारी पाचशे वर्षांपूर्वीच येऊन पोचला होता. पण तो मदरशाच्या आणि महालाच्या भिंतीवर थांबला. रयतेच्या न्हाणीपर्यंत यायला त्याला पुढे साडेचारशे वर्षे लागली.

रयतेची न्हाणी कशी होती? वाडा असेल तर चौकाच्या कोपऱ्यात, आडाजवळ, एक घडीव काळा दगड. बाजूला रांजण, घंगाळ, पाय घासायला वजरी. भिंतीला चुन्याचा गिलावा. वाडा नसेल तर परसात तुराट्यांचा किंवा तरटाचा आडोसा, आणि पायाखाली नुसता एक धोंडा, चिखल होऊ नये एवढ्यासाठी. गोदाकाठच्या नांदेडकरांना नदीचे घाट होते. बायकांनी उजाडण्यापूर्वी अंघोळ उरकावी हा दंडक होता, त्याचे पुष्कळसे कारण आडोशाच्या त्या तरटात होते.

दगड काळाच का? कारण आपल्या पायाखालची बहुतेक सारी भूमी लाव्हारसाची आहे. बेसॉल्ट हा दगड रस थिजून बनलेला. त्याचे पापुद्रे निघत नाहीत. छिन्नीने एकेक टवका उडवून त्याला सपाट करावे लागते. एक चिरा घडवायला पाथरवटाचा दिवस जाई. सबंध खोलीला दगडी फरशी घालणे म्हणूनच देवळाचे आणि देशमुखांचे काम समजले जाई.

ही अडचण दूर केली ती आगगाडीने आणि शहाबादच्या खाणींनी. गुलबर्ग्याच्या पुढे भीमेच्या खोऱ्यात जमिनीचा पोत बदलतो. तेथे चुनखडीचा दगड थरावर थर असा बसलेला आहे. पहार घातली की वहीचे पान निघावे तशी लादी निघते. मुंबईहून रायचूरपर्यंतचा लोहमार्ग १८७१ साली पुरा झाला आणि शहाबाद त्याच वाटेवर आले. १९०० साली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने नांदेड मनमाडशी जोडले गेले. १९११ साली बार्शी लाइटची अडीच फुटी छोटी गाडी लातुरात आली, आणि तिचे कुर्डुवाडीचे टोक त्याच मुंबई-रायचूर मार्गाला मिळत होते. जड माल दूरवरून आणणे आता परवडू लागले. पुढे शहाबादी फरशीने मराठवाड्यातल्या ओट्यांवर, स्वयंपाकघरांत आणि मोऱ्यांत असे बस्तान बसवले की फरशी म्हणजे शहाबादी असाच अर्थ रूढ झाला.

या फरशीचे गुण आपल्या आजीला पाठ होते. न घोटलेली फरशी मूळची खरबरीत असते, त्यामुळे ओली झाली तरी पाय धरते. तिचा रंग करडा-निळसर; त्यावर मातीही दिसत नाही आणि चुन्याचा डागही दिसत नाही. पाण्याचा हंडा दाणकन ठेवला तरी ती सोसते. दोष एकच, की ती चुन्याची जात असल्याने चिंच, लिंबू आणि ॲसिड तिला खाते. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या घराला तीन हंड्यांत अंघोळ, कपडे आणि न्हाणी धुणे असे सारे उरकावे लागे. अशा घराला मळ न दाखवणारी फरशी हवी होती, आणि ती नेमकी तशीच होती.

पांढऱ्या रंगाचे मानकरीपण वेगळ्या वाटेने आले. रोग जंतूंमुळे होतात हा सिद्धांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात मान्य झाला आणि तिकडच्या इस्पितळांनी, खाटीकखान्यांनी, भुयारी स्थानकांनी पांढरी झिलईदार फरशी भिंतीला लावली. पांढऱ्यावर घाण लपत नाही, ही त्यामागची दृष्टी. मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला, आणि स्वच्छता ही आपल्याकडेही सरकारी सक्तीची बाब झाली. पांढरी न्हाणी ही जणू सदैव तपासणीस तयार असलेली न्हाणी! तिला धुवायला मात्र पाणी मुबलक लागते, ही गोष्ट मुंबईकरांना नळामुळे जाणवली नाही.

रंगाचा मार्ग १९२२ साली मोकळा झाला. त्या वर्षी सिधवा कुटुंबाने भारत टाइल्सचा कारखाना काढला. परदेशी फरशीला स्वदेशी उत्तर द्यावे हा त्यामागचा हेतू. या फरश्या भाजलेल्या नसत. सिमेंटात रंग कालवून, साच्यात दाबून, पाण्यात मुरवून त्या तयार होत. मुंबईच्या कित्येक जुन्या घरांत त्यांची लाल-पिवळी-हिरवी नक्षी अजून शाबूत आहे.

आणि आता श्रोतेहो, एक वर्ष ध्यानात ठेवा : १९२७. त्या साली अमेरिकेत कोहलर कंपनीने न्हाणीघराचे टब आणि भांडी प्रथमच एकमेकांशी जुळणाऱ्या रंगांत बाजारात आणली. तिकडच्या गृहिणीपुढे प्रश्न पडला, हिरवा घ्यावा की जांभळा? त्याच साली, २० मार्च रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह महाडला गेले आणि चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्याले. कारण त्या पाण्याला हात लावण्याचा हक्कच त्या माणसांना नाकारलेला होता. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे माझ्या आजच्या बोलण्याचे सार सांगून होते. रंगाची निवड हा पाण्यानंतरचा प्रश्न आहे. ज्याच्या दारी पाणी नाही त्याला फरशीच्या रंगाबद्दल कोणी विचारीत नाही. आपल्या वाड्यातला तो आडही सर्वांना खुला नव्हता, हे आपण विसरू नये.

यानंतरची हकिगत आपल्या डोळ्यांदेखतची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हादरली. मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले, बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर आपल्या भागात डोक्यावरच्या दगडाची धास्ती बसली. भिंती विटांच्या आणि सिमेंटच्या झाल्या, आणि दगड भिंतीतून उतरून पायाखाली राहिला. पुढे गुजरातेतल्या मोरबीची भट्टीतली फरशी स्वस्त झाली, आणि शहाबादीची तीही जागा जाऊ लागली. नळ घरात आला होता. रंग आता सामान्य माणसाच्या हाती आला.

आणि मग आले २०१६. मांजरा धरण आटले. मार्चमध्ये लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मी त्या दिवसांत एका स्नेह्यांच्या नव्या घरी गेलो होतो. न्हाणीला गडद निळी, आरशासारखी फरशी. पण आत अंघोळ होत नव्हती. निळ्या भिंतींना टेकून पिंपे, घागरी आणि बादल्यांची रांग लावली होती. शेकडो फूट खोल बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे ओघळ त्या निळ्या झिलईवर ठळक उमटले होते. गृहिणी म्हणाल्या, "भाऊ, ॲसिडने निघतात हे डाग, पण मग दर्जा झिजतात, आणि धुवायला पुन्हा पाणी कुठले?" पुढच्याच वर्षी त्यांच्या सासूबाई त्याच फरशीवर घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्या घराने पाच वर्षांत दुसऱ्यांदा न्हाणी उकरली.

तेव्हा इतिहास शिकून काय करायचे, असे आपण विचाराल तर मी चार गोष्टी सांगेन. जमिनीला खरबरीत फरशी घ्या. तुकडे लहान घेतले तर दर्जा जास्त येतात आणि पायाला आधार मिळतो. आपले पाणी जड आहे, म्हणून गर्द रंग टाळा. करडा, वाळूचा, फिका मातकट असा रंग डाग पोटात घालतो. भिंत फिकी ठेवा, कारण आपल्या न्हाणीची खिडकी लहान असते. पण जमीन भिंतीहून निराळ्या रंगाची असू द्या, म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांना जमीन कोठे संपते ते उमगते. आणि नमुना दुकानाच्या दिव्याखाली कोरडा पाहून भुलू नका. घरी आणा, त्यावर आपल्या नळाचे पाणी ओता, वाळू द्या, मग ओल्या पायाने उभे राहून पाहा. बाकी ढाळ जाळीकडे नीट काढणे हे गवंड्याचे काम. ते चुकले तर कोणताही रंग उपयोगी पडत नाही.

हे सारे आपल्या आजीच्या शहाबादीत होते, हे आपल्या लक्षात आलेच असेल. म्हणून शहाबादीकडेच परत चला, असे मी म्हणत नाही. गावानच्या मदरशावरचा निळा रंग आज गवंड्याच्याही घरी लागू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे. तिचा आनंद मानावा. फक्त दुकानात नमुन्यांच्या रांगेपुढे उभे राहाल तेव्हा एवढे आठवा की, हा प्रश्न आपल्याला पडावा म्हणून कित्येक पिढ्यांनी हंडे वाहिले आहेत, आणि काहींना तर ओंजळभर पाण्यासाठी लढावे लागले आहे. फरशी निवडताना प्रथम घरातल्या सासूबाईंना विचारा, मग नळाला विचारा, आणि त्यानंतर खुशाल आपल्या आवडीचा रंग घ्या.